या ऋतूत एका पायावर नको

१२ मार्च

चप्पल पायातून निसटली आणि मला पत्ताच नाही! दोन जिने चढून योगवर्गाच्या हॉलच्या दारात पोचले तेव्हा डावा पाय मोकळा. खालच्या फर्निचरच्या दुकानातला पॉलिशवाला मागून चप्पल घेऊन आला. "मॅडम, पहिल्याच पायरीवर पडली होती. हाका मारल्या की!" हाका ऐकल्या होत्या मी. वाटलं, दुसऱ्या कुणाला मारतोय.

"आई गेल्यात तुमच्या, लक्ष नसणारच," तो म्हणाला. मी मान हलवली. सोपं पडलं ते.

आईला जाऊन दहा दिवस झाले. धाकटी आज सकाळच्या गाडीने परत गेली. जाताना बॅगेची चेन लावत म्हणाली, "ताई, तू एकदाही रडली नाहीस." मी म्हटलं, "येईल रडू." कुरियर यायचं असल्यासारखं! तिने माझ्याकडे बघितलं आणि बॅग उचलली.

एकवीस वर्षं ह्या घरात आई आणि मी दोघीच होतो. आता मी आहे. संध्याकाळी दोन कप बाहेर काढले, एक परत ठेवला. एवढंच.

१५ मार्च

वर्ग पुन्हा सुरू केला. सगळे पडलेले चेहरे घेऊन आले होते. पार्लरवाली – कोपऱ्यावर तिचं ब्यूटी पार्लर आहे, वर्गातली सगळ्यात बोलकी – गळ्यात पडून रडली. माझ्या आईला तिने उभ्या जन्मात दोनदा पाहिलं असेल. मीच तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग डोळे पुसून ती सगळ्यांकडे वळली, "बघा! ह्याला म्हणतात साधना. डोळ्यांत टिपूस नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं – म्हणजे, वाटलं असावं. चोवीस वर्षं शिकवतेय की सुखात फार उडू नका, दुःखात फार बुडू नका. शेवटी आपल्याही अंगी लागलं म्हणायचं.

उन्हाळ्याचा क्रम सांगितला. सूर्यनमस्कार बारावरून सहा. सगळं सावकाश. शेवटी शीतली, जिभेची नळी करून थंड श्वास आत. ऋतूप्रमाणे वर्ग बदलणं हे माझं वैशिष्ट्य. बाकी ठिकाणी बारा महिने तेच ते चालतं. माझ्याकडे लोक टिकून आहेत ते ह्याच कारणासाठी.

२ एप्रिल

वृक्षासन दाखवताना पडले. पडले म्हणजे – पाय टेकला, भिंत धरली. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्याचा तळवा मांडीला, हात वर, डोळे मिटायचे. ह्या आसनात उभी राहून मी वर्गाशी गप्पा मारत आलेय इतकी वर्षं. आज डोळे मिटले आणि खाली जमीन आहे की नाही तेच कळेना.

सतरा जण बघत होते. तोंडातून निघून गेलं, "पाहिलंत? ह्या दिवसांत असं होतं. उष्णतेने शरीरातला तोल पातळ होतो. उन्हाळाभर एका पायावरची आसनं बंद."

तोल पातळ होतो! कुठून सुचलं कोण जाणे. पार्लरवालीने लगेच वहीत लिहून घेतलं.

मीटरकाकांचा चेहरा उतरला. काका एकाहत्तर वर्षांचे. चौतीस वर्षं घरोघरची विजेची मीटर वाचली, त्यामुळे आकडा टिपल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. शर्टाच्या खिशात एक कार्ड असतं – उजवा पाय किती सेकंद, डावा किती. वर्गात आले तेव्हा तीन सेकंद. परवा एकोणीस! त्यांचं ध्येय एकच, पँट उभ्याने घालायची. "पलंगावर बसून पँट घालायला लागला की माणूस म्हातारा, मॅडम."

"किती दिवस बंद?" त्यांनी विचारलं.

"ऋतू बदलेपर्यंत."

"बरं," म्हणाले, आणि कार्ड खिशात ठेवलं.

१९ एप्रिल

अनवाणी चालताना तळव्यांना जाड मोजे घातल्यासारखं वाटतं. फरशी गार आहे की गरम ते कळत नाही. उष्णता असेल. शीतली वाढवली.

११ मे

आज फजिती!

शवासन आठ मिनिटं असतं. सगळे उताणे, डोळे मिटलेले, आणि मी सांगते – आता बोटं हलवा, कुशीवर वळा, हळूच उठा. आज सांगायचं विसरले. समोर मांडी घालून बसले होते. झोप लागली नव्हती. कसला विचारही चालू नव्हता. खाली दुकानात करवत चालली होती, ती ऐकत होते. ऐकतही नव्हते म्हणा. करवत थांबली म्हणून घड्याळ पाहिलं, तर पन्नास मिनिटं!

आणि एकही जण उठला नव्हता! सतराच्या सतरा तसेच पडून. एकाची ऑफिसची बस गेली. पार्लरवालीची दोन गिऱ्हाइकं बंद शटर बघून परत गेली. पण हूं नाही की चूं नाही. सगळ्यांना वाटलं, हाही उन्हाळ्याचाच क्रम. "आधी वाटलं, मॅडम विसरल्या," काका म्हणाले, "मग म्हटलं, त्या कशाला विसरतील?"

"उन्हाळ्यात दीर्घ शवासन लागतं," मी म्हटलं.

घरी आल्यावर वाटलं, आता लाज वाटायला हवी. वाट बघितली. वाटली नाही. मग केर काढला.

२९ मे

धाकटीचा फोन. ती दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते, सुट्टी लागलीय तिला. "आईच्या कपाटाचं काय करायचं?"

"तू म्हणशील ते."

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

"मी शांत आहे."

मग, "दूध उतू जातंय," म्हणून ठेवून दिला.

माझ्या जेवणात सहा वर्षं दूध नाही. दही, तूप काहीच नाही. शुद्ध आहार – फळं, भाज्या, धान्य. उन्हाळ्यात तेही एकदाच. आई कुरकुर करायची. "तुझ्या नादाने मीही गवत खाऊ का?" तिच्यासाठी वेगळी पिशवी यायची दुधाची. ती मात्र आई गेल्यावर तिसऱ्याच दिवशी मी आठवणीने बंद केली होती.

२४ जून

पार्लरवालीने माझे नियम छापून आणले. लॅमिनेट केलेला मोठा चार्ट, वर कमळ. 'ऋतूनुसार योग – मॅडमची पद्धत'. उन्हाळा: तोल पातळ असतो, एका पायावर नको. शवासन पन्नास मिनिटं (फक्त सुट्टीच्या दिवशी).

हॉलच्या भिंतीवर लावला. छापलेलं वाचलं की खरं वाटतं. मलाही वाटलं.

१८ जुलै

पावसाचे दिवस. सकाळी साडेसहालाही हॉलमध्ये अंधार, त्यात वीज गेली. मला उठून खिडकीपर्यंत जायचं होतं. सहा पावलं. जाता येईना! पाऊल कुठे पडतंय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. उभी राहिले की डुलायला होतं.

गुडघे टेकले. "आज मांजरचाल," मी जाहीर केलं. "पावसाळ्यात सांध्यांना चांगली." आणि रांगत निघाले. मागून सतरा मोठी माणसं अंधारात रांगत आली. कुणाचं तरी डोकं कुणाच्या तरी पाठीवर आपटलं. हसले सगळे. मी खिडकी उघडली.

पावसाळ्याचा नियम: डोळे उघडे ठेवायचे. उभ्याची आसनं भिंतीला पाठ लावून. एका पायावरची अजूनही बंदच.

काकांनी कार्ड काढलं, बघितलं, परत ठेवलं.

२२ जुलै

तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि न्हाणीघरात कोसळले. कोपर सोललं. पूर्ण बाह्यांचा कुडता घातला.

डॉक्टरकडे जायला हवं का? गेले तर विचारतील, तुम्ही योग शिकवता ना? दोन महिने रोज तळव्यांना तेल चोळून बघते. प्राणायाम वाढवते. चोवीस वर्षं लोकांना सांगत आले की श्वासाने सगळं ताळ्यावर येतं. आता कुठल्या तोंडाने रांगेत बसू?

९ ऑगस्ट

पार्लरवाली ऐकेना. "मॅडम, आज तुमचे पाय मी करणार. गुरुसेवा समजा." पार्लरमध्ये खुर्चीत बसवलं, टबात पाणी ओतलं, मीठ टाकलं, पाय आत ठेवायला लावले आणि टॉवेल आणायला गेली. मी बसले. समोरच्या आरशात स्वतःला बघत होते. चेहरा ठीक होता.

ती आली, पाण्यात हात घातला आणि किंचाळली! गीझरचं नुसतं गरम पाणी ओतलं होतं बाईने, गार मिसळायचं राहिलं होतं. तिने माझे पाय धरून बाहेर काढले. लालबुंद. मी नुसती बघत होते.

"दुखलं नाही, मॅडम?"

"नाही."

तिने हात जोडले. खरंच जोडले! डोळे भरून आले तिचे. "साधना म्हणजे काय असते, ते आज पाहिलं." बाजूच्या खुर्चीवर तोंडाला लेप लावून बसलेल्या बाईंना तिने ते सगळं पुन्हा सांगितलं.

११ ऑगस्ट

दोन्ही तळव्यांना फोड. उजव्याला चार, डाव्याला एकच पण मोठा. दुखत नाहीत. वर्ग बसून घेतला. "पावसाळा ओसरायला लागला की बैठकीची आसनं." चार्टवर खाली जागा होती. पार्लरवालीने पेनाने लिहिलं.

१४ सप्टेंबर

धाकटी आली, आईचं कपाट रिकामं करायला. मी खुर्चीवर बसले, ती खाली. एकेक साडी काढायची, झटकायची, घडी घालायची. मधेच एक जुनी शाल निघाली. तिने ती तोंडाला लावली आणि तशीच बसून राहिली. खांदे हलत होते.

मी म्हटलं, "ह्या दोन गाठोड्यांत मावेल ना?"

तिने शाल खाली घेतली. "इकडे ये. वास घे."

घेतला. शालीचा वास होता. तसं सांगितलं.

मग तिचा बांध फुटला. "चार महिने तिच्या उशाशी बसलीस तू. रात्री-अपरात्री उठून कूस बदललीस तिची. मला माहीत आहे काय होतीस तू तिची! आणि आता ही कोण बसलीय माझ्यासमोर? योगिनी? तुझी ती माणसं आरत्या ओवाळतात तुला, त्यांना सांग जाऊन. मला नको सांगूस शांत आहे म्हणून." नाक पुसलं. "तू माझ्यासमोर एकदा जरी रडली असतीस ना ताई, तर मला एवढं एकटं वाटलं नसतं."

मी म्हटलं, "तू थकलीयस. पडतेस का जरा?"

तिने गाठोडी बांधली, रिक्षा बोलावली. दारात म्हणाली, "मी आता फोन करणार नाही. तुला कधी काही वाटलं तर तू कर."

संध्याकाळी कपाट पुसून घेतलं. रिकामं कपाट. दार उघडं ठेवलं की हलतं, म्हणून कागदाची घडी घातली खाली.

२० ऑक्टोबर

थंडी सुरू. काका आज वर्गाच्या आधी दहा मिनिटं येऊन थांबले होते. दाढी केलेली, कार्ड हातातच. "ऋतू बदलला, मॅडम. आता एका पायावर?"

दर वर्षी थंडीत मी हेच घेते. तोलाची आसनं, जोर, बारा सूर्यनमस्कार. काकांना ते माहीत आहे. मला दाखवता येणार नाही. एका पायावर उभं राहायचं सोडा, आजकाल पायमोजे घालायला भिंत लागते.

"यंदा नको," मी म्हटलं. "थंडीत शिरा आखडतात. आता वसंतातच."

"मागच्या थंडीत तर केलं होतं आपण."

"यंदाची थंडी कोरडी आहे."

"अच्छा." त्यांना पटलं! मी काहीही सांगितलं तरी पटतं. "पण मॅडम, पाय परत डगमगायला लागलेत. पँट बसूनच घालतो हल्ली."

खोटं बोलले त्या म्हाताऱ्या माणसाशी, तोंडावर. आणि काही वाटलं नाही. ते लिहून ठेवते आहे.

१६ नोव्हेंबर

काका तीन दिवस आले नाहीत. आज त्यांच्या सुनेचा फोन आला. पडले. बेडरूममध्ये, सकाळी. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. "तुमची सारखी आठवण काढतायत. येऊन जाल का?"

१९ नोव्हेंबर

हॉस्पिटलला गेले. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. काका एवढेसे दिसत होते. मला बघून उठायला लागले, सुनेने दटावलं. तिला चहा आणायला पाठवून दिलं त्यांनी. मुद्दाम.

मग हळूच म्हणाले, "मॅडम, माफ करा."

"मी? तुम्हाला?"

"तुम्ही सांगितलं होतं, ह्या ऋतूत एका पायावर नको. भिंतीवर लिहिलंय तरी ऐकलं नाही. चोरून करत होतो घरी. दार लावून. सवय गेली होती सात-आठ महिन्यांत, चार सेकंदांवर आलो होतो. म्हटलं, मॅडमना वसंतात चकित करू." हसायला गेले, दुखलं. "सुनेला सांगितलंय, पाय घसरला म्हणून. खरं तुम्हालाच सांगतोय. तुमच्या पद्धतीला बट्टा नको. चूक माझी."

माझा हात धरला होता त्यांनी. मी त्या हाताकडे बघत होते. सुरकुत्या, सलाईनची पट्टी. आता बोलायला हवं, एवढं कळत होतं. 'काका, असा काही नियम नाही. मला उभं राहता येत नाही म्हणून केला.' वाक्य तयार होतं. सून चहा घेऊन आली. मी चहा घेतला. बिनदुधाचा मागितला.

जिना उतरताना प्रत्येक पायरी बघून उतरत होते आणि मनात तपासत होते. वाईट वाटतंय का? नाही. भीती? नाही. एका माणसाचं हाड माझ्यामुळे मोडलं, तो माझीच माफी मागतो आणि माझ्या आत काही हलत नाही. ही कसली साधना? कुठल्याही गुरूने हे शिकवलेलं नाही. हे काहीतरी बिघडलंय.

खालच्या मजल्यावर तपासणीसाठी स्वतःचं नाव नोंदवलं. परवाची वेळ मिळाली.

२१ नोव्हेंबर

डॉक्टर तिशीची मुलगी. पायमोजे काढायला लावले. एक लोखंडी चिमटा वाजवून घोट्याला लावला. "थरथर जाणवते?" नाही. नडगीला? नाही. गुडघ्याला – किंचित. तळव्यावरचे डाग बघितले. "हे कशाचे?" सांगितलं. तिने लिहायचं थांबवलं.

"पाय जुळवून उभ्या राहा. आता डोळे मिटा." मिटले. तिच्या अंगावर पडले. तिने धरलं, तयारच होती ती.

"काय करता तुम्ही?"

"योग शिकवते."

हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

"दूध घेता? दही? अंडी, मासे?"

"सहा वर्षं काहीच नाही. शुद्ध आहार."

रक्त काढून घेतलं.

२४ नोव्हेंबर

बी ट्वेल्व्ह. एक जीवनसत्त्व! यंत्राला मोजता येईल त्याहूनही कमी निघालं. दुधातून, अंड्यातून येतं म्हणे ते. पानाफळांतून नाही. ते संपलं की नसांवरचं आवरण झिजत जातं. आधी तळवे, मग तोल. अंधारात पाय हरवतात ते त्यामुळे.

"इंजेक्शनं घ्यायची. आधी रोज, मग आठवड्याला. चालू वर्षाच्या सुरुवातीला आला असतात तर मी म्हटलं असतं, सगळं भरून येईल. आता किती येईल सांगता येत नाही."

मी म्हटलं, बरं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "विसरायला होतं? कशात मन लागत नाही? रडू येत नाही?"

"माझी आई गेली मार्चमध्ये," मी म्हटलं. "नाही आलं."

"सगळं ह्यामुळेच असं मी म्हणणार नाही. माणूस गेल्यावरही असं होतं. पण तेही ह्यात मोडतं. मेंदूलाही लागतं हे."

मी म्हटलं, "मला वाटलं, ती माझी प्रगती आहे."

तिने पेन खाली ठेवलं. मग दाराशी सोडायला आली, हाताला धरून.

७ डिसेंबर

इंजेक्शन बारावं. दूध प्यायले. उलटी झाली. परत प्यायले.

२० डिसेंबर

वरच्या मजल्यावरचा नळ गळतोय, आठवडाभर. आज प्रचंड राग आला! जिना चढून दार वाजवलं, भांडले. ते लोक घाबरलेच. "तुम्ही? योगवाल्या मॅडम?" खाली येऊन बसले तर छातीत धडधडत होतं. किती दिवसांनी!

९ जानेवारी

तळव्यांना मुंग्या. रात्रभर आग आग. वैताग आहे नुसता.

वर्ग अजून बसूनच चालू. कुणाला काही सांगितलेलं नाही. काका घरी आलेत, वॉकर घेऊन चालतात म्हणे. त्यांच्या घरापर्यंत दोनदा गेले. एकदा गेटपर्यंत. परत आले. आता मात्र आत काहीतरी होतं. त्यांचं नाव निघालं की मी विषय बदलते. आधी होत नव्हतं, तेव्हा बरं होतं असं वाटायला लागलंय.

२३ जानेवारी

काका आले! फर्निचरवाल्यांनी त्यांच्याच एका नव्या खुर्चीत बसवून दोन जिने उचलून आणलं त्यांना. वर्गाने टाळ्या वाजवल्या. काका वॉकर धरून उभे राहिले, चार्टसमोर. मला वाटलं, दमलेत, बसतील. तर भाषण!

"मंडळी, घरी खोटं सांगितलं, इथे सांगणार नाही. माझा पाय घसरला नाही. मॅडमनी नाही म्हटलेलं असताना मी एका पायावर उभा राहिलो. हे बघा काय झालं. मॅडम सांगतात ते ऐकायचं. एवढंच सांगायला आलो."

सून दारात होती. तिचं तोंड उघडंच राहिलं. पार्लरवाली म्हणाली, "बघा, म्हणून मी छापून घेतलं."

मी उठले. पाय जमिनीवर बघून ठेवले. म्हटलं, "तो चार्ट काढा."

कुणी हललं नाही. मीच गेले, भिंत धरत. काढला.

मग सांगितलं. खुर्चीत बसून, खाली बघत, सगळं. तोल पातळ होत नाही. शिरा आखडत नाहीत. शवासन विसरले होते. गरम पाणी कळलं नव्हतं. एप्रिलपासून मला उभं राहता येत नाही. तुम्हाला कळू नये म्हणून मी ऋतूचं नाव पुढे केलं. काका, तुम्हाला उभं राहायला हवं होतं, रोज. मी ते बंद केलं. माझ्यासाठी.

आवाज कापत होता. थांबवता येत नव्हता.

खाली करवत चालू झाली, बंद झाली. काका वॉकरच्या दांड्याकडे बघत होते. ओठ हलत होते, काहीतरी मोजत होते.

"एप्रिल ते नोव्हेंबर. आठ महिने," ते म्हणाले. "एकोणीस सेकंदांवर होतो मी."

"हो."

"रोज सकाळी उठून स्वतःला शिव्या घालतो मी, मॅडम. दोन महिने. म्हातारचळ लागला, ऐकलं नाही, पोरांच्या गळ्यात पडलो, असं म्हणतो."

मी काहीतरी म्हणायला गेले.

"नको," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंच नाही. दारातल्या पॉलिशवाल्याला म्हणाले, "मला खाली घ्या."

नेलं त्यांना. मग एकेक करून सगळे गेले. पार्लरवाली सगळ्यात शेवटी. चार्ट उचलला, काखेत धरला, आणि पहिल्यांदाच काही न बोलता गेली.

२४ जानेवारी

दात घासता घासता रडू फुटलं. आधी काकांसाठी. मग कुणासाठी ते वेगळं करता येईना. थांबेचना! तोंडात फेस तसाच, धाकटीला फोन लावला. चार महिन्यांनी. तिने उचलला आणि मला शब्दच फुटेना.

"ताई? अगं ताई, काय झालं? बोल ना! कोण गेलं?"

"आई," मी म्हटलं.